बाकीची रांग

नेटची तोटी यांच्याच हातात, म्हणून तोटीकाका हे नाव वसतिगृहातल्या मुलींनी ठेवलं होतं. तोंडावर ते कधी कुणी घेतलं नाही, पण काकांना ते पहिल्या आठवड्यातच कळलं. भिंतींना कान असतात म्हणतात, आणि काकांचा निम्मा दिवस त्या भिंतींतून वायरी ओढण्यातच जायचा. नावाचं त्यांना वाईट वाटलं नाही. उलट घरी जाऊन त्यांनी ते अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, सांगितलं. अक्का पोट धरून हसली आणि म्हणाली, "बरं झालं. लहानपणी तुला सगळे घुम्या म्हणायचे. त्यापेक्षा तोटी पुष्कळ बरी, निदान गळते तरी."

घुम्या हे नाव मात्र खोटं नव्हतं. माणूस स्वतः कमी बोलायचा, पण दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात त्यांची हयात गेली होती. ऐन विशीत ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटले. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा फळा, आणि हातात वायरीच्या टोकाची पिन. इकडची पिन तिकडे खोचायची, "बोला, लाइन जोडली" म्हणायचं, पलीकडून पहिला शब्द आला की बाजूला व्हायचं. तेवढ्या एका शब्दावरून काकांना कळायचं की पलीकडे पाळणा हललाय की कुणी गेलंय. त्यांचा वरिष्ठ मोठा खडूस माणूस होता, पण एक गोष्ट त्याने काकांच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती: खरखर असू दे, घरघर असू दे, आवाज पोचला की आपलं काम झालं. काकांनी ते वाक्य इतकं मनावर घेतलं की पुढे सगळं जग बदललं तरी वाक्य काही बदललं नाही. मला विचाराल तर माणसाची पंचाईत अशीच होते. वाईट सवयी सोडायला सगळे सांगतात, चांगल्या सवयींकडे कुणी वळूनही पाहत नाही.

एक्स्चेंज बंद पडलं. फळे भंगारात गेले. बरोबरीच्या काहींनी दुकानं टाकली, काही नातवंडं सांभाळू लागले. काकांनी कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळ्यांत पोक्त विद्यार्थी तेच, आणि शिकवणारा मास्तर त्यांना सर म्हणायचा. पण चिकाटी जबर. लिनक्स नावाची प्रणाली शिकले, कॉम्प्युटरांचं जाळं विणायला शिकले, आणि केस पांढरे होता होता नोकरी करणाऱ्या नि शिकणाऱ्या मुलींच्या या वसतिगृहात नेट सांभाळायला लागले.

जिन्याखाली एक चिंचोळी खोली होती. तिथे एक जुना कॉम्प्युटर पंख्याचा घूं आवाज करत अखंड चालू असायचा. वसतिगृहातून बाहेर जाणारं आणि बाहेरून आत येणारं सगळं नेट त्याच्यातूनच जायचं. जाणते लोक त्याला फायरवॉल म्हणतात. काका त्याला नाका म्हणायचे. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, कुणाला किती वेगाने जाऊ द्यायचं, हे सगळं नाक्यावर ठरायचं.

आधी नाक्यावर फक्त सोडणं-अडवणं होतं. वेगाला लगाम घालायची पाळी मुलींनीच आणली. संध्याकाळ झाली की वरच्या मजल्यावरच्या दोन-चार जणी मालिकाच्या मालिका उतरवून घ्यायच्या, आणि खालच्या मजल्यावर कुणाचा तरी परीक्षेचा अर्ज गोल गोल फिरत राहायचा. रोज भांडणं. व्यवस्थापिका मॅडमनी काकांना बोलावून सांगितलं, "काका, काहीतरी करा हो. माझ्या दारात रोज पंचायत बसते."

काकांनी नाक्यावर तीन रांगा केल्या. पहिली आवाजाची. कुणी फोनवर बोलत असेल तर ते बोलणं सगळ्यांच्या आधी सुटेल. दुसरी कामाची. अर्ज, मेल, अभ्यास. आणि या दोन्हींत जे बसत नाही ते तिसऱ्या रांगेत. नाक्यावर या रांगेला काहीतरी नाव द्यावं लागतं, म्हणून त्यांनी लिहिलं, 'बाकी'. सिनेमे, मालिका, गाणी, फोटो, सगळं बाकी. बाकीच्या रांगेला वाट अरुंद ठेवली. बाहेर जाणाऱ्या बाजूला तर आणखीच अरुंद. त्यांचा हिशेब साधा होता. लोक नेटवरून घेतात, नेटला देतं कोण?

आता आवाज कुठला आणि बाकी काय, हे नाक्याने ओळखायचं कसं? नेटवरची प्रत्येक गोष्ट बारक्या बारक्या पुडक्यांत बांधून जाते. बोलण्याची पुडकी चिमुकली असतात, सिनेमांची गलेलठ्ठ. काकांनी नाक्याला शिकवलं, चिमुकलं दिसलं की पुढे सोड. युक्ती झकास होती. मालिकावाल्या कुरकुरल्या, पण अर्ज सुटले, पंचायत उठली. मॅडमनी भर सभेत काकांचं कौतुक केलं, आणि दुसऱ्याच दिवशी हळूच विचारलं, "काका, माझ्या खोलीपुरती तेवढी मालिका नीट दिसेल असं काही..."

"नाही मॅडम," काका म्हणाले. "नाक्यावर नातं चालत नाही."

ही त्यांची मिजास म्हणा हवं तर. पण त्या मिजाशीवर वसतिगृहातल्या साऱ्या पोरी खूश होत्या.

तक्रार आली ती भलतीकडून. तळघरात कपडे धुण्याची आणि इस्त्रीची खोली होती. तिथे इस्त्री करणारी बाई तिशीतली, हसरी, जन्मापासून बहिरी. तिच्याशी सगळ्यांचा व्यवहार खुणांचा, नाहीतर मोबाइलवर लिहून दाखवायचा. एका दुपारी ती जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिने काकांपुढे मोबाइल धरला. लिहिलं होतं, "काका, संध्याकाळी फोनवर चित्र थांबतं. बघता का?"

काका लगेच उठले. कामाची हयगय त्यांना माहीत नव्हती. त्यांनी स्वतःचा फोन काढला, वसतिगृहाच्या नेटवरून अक्काला लावला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "हॅलो, आवाज येतोय?"

"येतोय की! सकाळीच तर गेलास, आता काय झालं?" अक्का पलीकडून ओरडली.

काकांनी फोन ठेवला आणि बाईच्या मोबाइलवर लिहिलं, "लाइन उत्तम आहे. आवाज स्वच्छ येतोय."

बाईने ते वाचलं. काकांकडे पाहिलं. मग शांतपणे लिहिलं, "काका, मला आवाज कधीच येत नाही."

काकांचा चेहरा असा झाला की तीच बिचारी हसली आणि तिने हातानेच 'असू दे' म्हटलं. पण काकांना ते असू देता येईना. त्यांनी तिला स्टूल दिलं, बसवलं, आणि विचारलं, म्हणजे लिहून, की कुणाला फोन करता. तेव्हा त्यांना सगळं कळलं.

तिला पाच वर्षांची मुलगी होती. तीही बहिरी. वसतिगृहात नोकरांना मूल ठेवता येत नाही, म्हणून पोर दूर आजीकडे. आजी म्हणजे बाईची आई. तिचा जीव नातीवर फार, पण तिला खुणांची भाषा यायची नाही. ये, जा, जेव, झोप, एवढ्यावर तिचा संसार. पोरीला जी काही भाषा होती ती आईकडून आलेली, आणि आई होती रोज संध्याकाळी फोनच्या चौकटीत. त्या तासाभरात ती पोरीला शब्द शिकवायची. काल, उद्या, थोडं, खूप, आठवण, खोटं. गोष्टी सांगायची. बाईने लिहिलं होतं, "कान असलेल्या मुलाला शब्द कुठूनही मिळतात. रस्त्यावरून, शेजारातून. माझ्या मुलीला फक्त माझ्या हातांतून. आता चित्र थांबतं तर ती माझ्याकडे पाठ करते. चार खुणा विसरली. मला भीती वाटते."

काकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला आणि नाक्यासमोर बसले.

संध्याकाळी तिचा फोन लागला तसा त्यांनी तो नाक्यावर शोधला आणि त्याची पुडकी कुठल्या रांगेत पडतात ते पाहिलं. चित्राची पुडकी गलेलठ्ठ. गेली बाकीत. मालिकांच्या, सिनेमांच्या मागे जाऊन उभी राहिली. आवाजाची चिमुकली पुडकी तेवढी मानाने पुढे सुटत होती, आणि त्यांत होतं काय, तर इस्त्रीच्या वाफेची फुसफुस आणि धुलाईयंत्राची घरघर. जिच्या आवाजात काही नव्हतं तिचा आवाज पहिल्या रांगेत, आणि जिचं सगळं बोलणं चित्रात होतं तिचं चित्र शेवटच्या. मालिकावाल्यांसाठी लावलेला फास या बाईच्या गळ्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

इतके दिवस कुणी तक्रार का केली नाही, हेही त्यांना उमगलं. वसतिगृहातल्या सगळ्याच मुलींचं चित्र संध्याकाळी अडखळत असणार. पण ऐकू येणारी माणसं काय म्हणतात? "चित्र जाऊ दे गं, आवाज येतोय ना, बोल तू." आणि बोलत राहतात.

हे मॅडमच्या कानावर गेलं. त्या मनाने वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "अहो, मग तिच्या एकटीच्या फोनला सूट द्या आणि मोकळे व्हा. मी नाही कुणाला सांगत."

"सूट दिली तर ती मेहेरबानी झाली, मॅडम," काका म्हणाले. "तिने मेहेरबानी मागितलेली नाही. नियम माझा चुकलाय. फोनवरचं चित्र म्हणजे बोलणंच, मग ते कुणाचंही असो. ते बाकीत टाकलं ही माझी चूक."

त्यांनी नियम बदलला. पुडकं किती मोठं हे न पाहता ते कुणाच्या बोलण्यातलं आहे का, हे नाक्याला ओळखायला शिकवलं. फोनवरच्या चित्राला आवाजाच्या लगोलग मागे उभं केलं, मालिका मागे सारल्या. संध्याकाळी स्वतः तळघरात गेले. बाईने मोबाइल इस्त्रीच्या टेबलावर, पाणी शिंपडायच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. काकांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पलीकडे आजीचा हात, मग एक खुर्ची, मग लाल फ्रॉकमधली पोर. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. कुठे अडकत नव्हतं. काकांनी अंगठा वर केला, बाईनेही केला, आणि काका हलक्या पावलांनी घरी गेले. त्या दिवशी अक्काला ते आपण होऊन चार वाक्यं बोलले. अक्काने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण गंमत अशी की काम फत्ते झालं असं वाटतं तेव्हाच ते नीट पाहायला हवं असतं. काही दिवसांनी वायरीचं वेटोळं घेऊन काका तळघराकडे गेले, तेव्हा नेमकी फोनची वेळ होती, आणि बाई टेबलाशी नुसती बसली होती. मोबाइल बाटलीला टेकलेला, चालू. दोन्ही हात मांडीवर. जिची बोटं सदान्‌कदा काहीतरी सांगत असायची तिचे हात असे पडलेले पाहून काकांनी वेटोळं खाली ठेवलं. मोबाइलमध्ये ती लाल फ्रॉकवाली पोर दिसत होती, स्वच्छ, ठसठशीत. पाठमोरी.

काकांनी खुणेने विचारलं, काय झालं?

बाईने लिहिलं, "मला ती दिसते. तिला मी दिसत नाही. आई सांगते, इकडे चित्र थांबलेलंच असतं. तुम्ही एवढं केलंत, मला पुन्हा सांगायची लाज वाटली."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. एवढा वेळ ते या बाजूला उभे राहून आत येणारं चित्र बघत होते. आत येणाऱ्या बाजूचा नियम बदलला आणि आत येणारंच तपासलं. बाहेर जाणाऱ्या बाजूला हातही लावला नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पोरीला दिसणार ते तिकडे पोचलेलं, आणि ते पोचतंय का हे तळघरात बसून कुणाच्या बापाला कळणार?

"उद्या मला फोन कर," त्यांनी लिहिलं. आतापर्यंत ते तिला तुम्ही लिहीत होते, आज नकळत तू झालं. "मी घरी असेन. तुझ्या मुलीच्या जागी बसून बघतो."

दुसऱ्या दिवशी काका लवकर घरी आले. अक्काने चहा ठेवला आणि फोन बघायला शेजारी येऊन बसली, कारण न बोलावता शेजारी येऊन बसणं हा तिचा हक्क होता. घंटा वाजली. चौकटीत इस्त्रीवाली बाई आली, हसली, हात उचलला, आणि थांबली.

तशीच थांबली. भुवया एकमेकींजवळ ओढलेल्या, ओठ दाबलेले, तळवा वर उचललेला. मागे इस्त्रीची वाफसुद्धा हवेत लटकलेली. काका बघत राहिले. वाफेआडून धुलाईयंत्राची घरघर मात्र अगदी स्वच्छ येत होती.

"अरे, ही हलत का नाही?" अक्का म्हणाली.

"हलतेय अक्का," काका म्हणाले. "तिकडे ती हलतेय. मीच तिला अडवून धरलीय."

चित्र एकदा झटका खाऊन हललं, हात दुसरीकडेच दिसला, आणि परत थांबलं. पाच वर्षांची पोर याच्यासमोर रोज बसते, हे काकांच्या मनात आलं आणि त्यांना चहा जाईना. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना जोडून दिलं होतं. ही एकच लाइन त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली होती, आणि वर तिला अंगठा दाखवून आले होते.

सकाळी वसतिगृहात शिरताच त्यांनी नाक्याला विचारलं, की बाहेर जाणाऱ्या बाजूला कुठल्या रांगेत किती पुडकी टाकून दिलीस. नाका खोटं बोलत नाही. आवाजाच्या रांगेत एकही नाही. कामाच्या रांगेत अगदी मोजकी. आणि बाकीच्या रांगेत आकडा असा लांबलचक की काकांनी चष्मा काढून पुन्हा लावला. जागा नाही म्हणून नाक्याने पुडकी वाटेतच फेकून दिली होती. त्या पुडक्यांत काल, उद्या, थोडं, खूप असं सगळं होतं. आजी समजत होती चित्र थांबलंय. खरं तर पोरीचे शब्द जिन्याखालच्या खोलीत सांडत होते.

मग बाकीची रांग एवढी भरते कशाने? नेटला देतं कोण, म्हणून तर त्यांनी ती वाट चिंचोळी ठेवली होती. पण देत होते सगळेच. संध्याकाळी मुली परत आल्या, मोबाइल वसतिगृहाच्या नेटला लागला, की त्या मोबाइलला दिवसभराचे फोटो कुठेतरी वर नेऊन साठवायची घाई सुटायची. मालकिणीला पत्ताही नसायचा. शेकडो फोटो, गलेलठ्ठ पुडकी, सगळी बाकीत, आणि त्यांच्या गर्दीत एका बाईचे हात. फोटोंना घाई काहीच नव्हती. ते पहाटे पोचले असते तरी कुणाचं बिघडणार नव्हतं.

काकांनी बाहेर जाणाऱ्या बाजूला वाट रुंद केली. फोनवरचं चित्र पुढे घेतलं, आवाजाच्या मांडीला मांडी लावून बसवलं. फोटोंना सांगितलं, बसा सावकाश. आणि या वेळी खात्री आपल्या डोळ्यांनी न करता अक्काच्या डोळ्यांनी केली. अक्काला फोन लावला, मोबाइल समोर ठेवून दोन्ही हात हलवले, आणि विचारलं, "दिसतंय?"

"दिसतंय. माशा हाकलतोयस का?"

"थांबतंय का मध्ये कुठे?"

"नाही रे बाबा. चांगला नाचतोयस."

हे दिवसाचं झालं. खरी परीक्षा संध्याकाळची, सगळे मोबाइल परत आल्यावरची. काका थांबले. मॅडम आपल्या खोलीकडे निघताना विचारून गेल्या, "अजून आहात?" काका नुसते हं म्हणाले.

तळघरात इस्त्रीचा वास होता. घड्या केलेल्या चादरींची चळत भिंतीला लागून उभी होती. बाईने मोबाइल बाटलीला टेकवला, ओढणीने काच पुसली, आणि काकांकडे न पाहता फोन लावला. तिला भीती वाटत होती आणि ती लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. काका मोबाइलला दिसणार नाहीत असे कडेला, चादरींपाशी उभे राहिले.

पलीकडे आजी आली. मग फोन वळला आणि पोर दिसली. पाठमोरी. खुर्चीच्या पायाशी बसून कसलातरी डबा उघडत नि लावत होती. आजीने तिच्या खांद्याला हात लावला. पोरीने खांदा झटकला. आजीने पुन्हा लावला. पोरीने मान थोडी वळवली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून फोनकडे पाहिलं आणि परत डब्यात डोकं घातलं.

बाई हात हलवत राहिली. थांबली नाही. काकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण इतकं कळत होतं की ती काहीतरी पोरकट सांगते आहे, कारण मधेच ती गाल फुगवत होती आणि चालता चालता पडल्यासारखं करत होती. पोरीने परत कोपऱ्यातून पाहिलं. या वेळी नजर लगेच गेली नाही. डबा हातातच राहिला. ती हळूच वळली, गुडघ्यांवर पुढे आली, अजून पुढे आली, इतकी की चौकटीत फक्त तिचे डोळे नि कपाळ उरलं. आजीने तिला मागे ओढलं. मग पोरीने दोन्ही हात उचलले आणि काहीतरी विचारलं. अगदी छोटं होतं. दोन खुणा असतील.

आणि बाई थांबली.

हात हवेत, चेहरा दगडासारखा. काका पुढे सरसावले. त्यांना वाटलं, गोठलं परत. मग भान आलं की ही काही फोनमधली बाई नव्हे, ही हातभर अंतरावर उभी आहे. आणि तिकडे पोरीचा चेहरा पडायला लागला होता. ओठ बाहेर आला, खांदे आत गेले, ती मागे सरकू लागली. बाईला ते दिसलं मात्र, तिचे हात असे सुटले की काकांना बोटं वेगळी दिसेनात. नाही, नाही, नाही. एवढी एक खूण काकांनासुद्धा कळली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही ती हात थांबवत नव्हती.

पोर पाहत राहिली. बराच वेळ. मग परत पुढे आली, तिचेही हात चालू झाले, आणि मग त्या दोघींनी काकांना विचारलंच नाही.

पुष्कळ वेळाने आजीने पोरीला पाणी प्यायला नेलं, तेव्हा बाईने काकांचा मोबाइल मागून घेतला आणि लिहिलं.

"तिने विचारलं, आई, राग गेला?

"काय, का, कुठे असं विचारताना आम्ही भुवया आखडतो. मी रोज आधी विचारायचे, आज काय केलंस? तिथेच चित्र थांबायचं. तिला वाटायचं, मी रागावून तिच्याशी बोलणं बंद केलंय. रोज. ती आजीला विचारायची, मी काय केलं? आजीला ती खूण येत नाही."

काकांनी वाचलं. घुम्या माणूस, त्यात समोर ऐकू न येणारी बाई, बोलायची तशीही सोय नव्हती. पण त्या क्षणी त्यांना फार फार बोलावंसं वाटलं आणि जीभ काही कामाची नव्हती. तेवढ्यात पोर पाणी पिऊन परत आली, ओलं तोंड बाहीला पुसत. काका चादरींपासून पुढे झाले आणि मोबाइलसमोर जाऊन उभे राहिले. पोरीने हा कोण म्हातारा म्हणून डोळे बारीक केले.

काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले.

बाईने हसत रडत पोरीला काहीतरी सांगितलं. बहुधा सगळंच सांगितलं, कारण पोरीच्या भुवया एकदम जवळ आल्या, ओठ घट्ट मिटले, आणि बोट उगारून ती काकांवर जी रागावली, ती रागावली! काका कान धरून उभे होते. त्या इवल्या कपाळावरची एकूण एक आठी त्यांना स्वच्छ दिसत होती. मग एकेक करून त्या आठ्या उलगडल्या आणि पोर खुदकन हसली.